काळ्या मसाल्याचा लिलाव

१९८६ च्या ऑक्टोबर महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम एकशे आठ रुपये. हजर होते आमचे वॉर्डन, त्यांच्या पत्नी, सेमिनरीतले साठ-पासष्ट विद्यार्थी, त्यांच्यापैकी लग्न झालेल्यांच्या बायका आणि मुलं, आजूबाजूच्या वस्तीतली थोडी माणसं, मी आणि माझी बायको. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती.

त्या वेळी मी बत्तीस वर्षांचा होतो. राहुरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेबनीस होतो. ती नोकरी सोडून पाळक होण्यासाठी मी मद्रासला आलो. आमच्या धर्मप्रांताने स्कॉलरशिप दिली. सेमिनरी, म्हणजे पाळकांचं कॉलेज, मद्रासबाहेर तांबरमच्या पुढे होती. लग्न झालेल्यांसाठी कंपाउंडच्या मागच्या बाजूला बारा खोल्यांची एक चाळ होती, तिला सगळे क्वार्टर्स म्हणत. एक खोली, पुढे पडवी, पाणी बाहेरच्या नळावर. कुटुंबाचा भत्ता महिना तीनशे चाळीस रुपये. त्यात तांदूळ, रॉकेल, दूध, भाजी, साबण, पुस्तकं आणि रविवारचं दान. शिल्लक महिन्याला पंधरा-वीस रुपये, तीही एखादा महिना आजाराशिवाय गेला तर.

अभ्यासाचं मला भय नव्हतं. ग्रीक भाषेची क्रियापदं मी कारखान्यातल्या उसाच्या दरपत्रकासारखी पाठ केली. पण वर्गाबाहेर तमिळ, जेवणाच्या टेबलावर तमिळ, विनोद तमिळ. मी विचारलं, काय झालं, की शेजारचा इंग्रजीत सांगे, "काही नाही, सेठ, तुमच्या उपयोगाचं नाही." उत्तरेकडून आलेला प्रत्येक माणूस तिथे सेठ. मी त्यांना नकाशात दाखवलं की राहुरी मुंबईत नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशीपासून "बॉम्बे सेठ" म्हणू लागले.

बायकोचं माझ्याहून वाईट होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या बायकांसाठी आठवड्यातून दोनदा दुपारी क्लास असे. पाळकाच्या बायकोने कसं वागावं हे वॉर्डनच्या पत्नी त्यात शिकवत. सगळे त्यांना अम्मा म्हणत. केक करणं, चहाचा ट्रे धरणं, आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यायचं. पहिल्याच क्लासात अम्मांनी माझ्या बायकोच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला बोट लावलं. त्याला क्रूस होता, पण मणी काळे होते. एका मल्याळी बाईला थोडं हिंदी येत होतं, तिने अम्मांचं बोलणं समजावून सांगितलं.

"अम्मा विचारतात, काळे मणी कशाला? नजर लागू नये म्हणून?"

"आमच्याकडं सगळ्याच घालतात," बायको म्हणाली.

"अम्मा म्हणतात, ख्रिस्ती बाईला नजर लागते का?"

सगळ्या हसल्या. अर्थ कळायच्या आधी बायकोही हसली. तिने ते संध्याकाळी मला सांगितलं. "मी बी हसले की वो त्यांच्यासंगं," ती म्हणाली, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

कोणी तरी सांगितलं की वेस्ट मांबलममध्ये मराठी घरं आहेत, तंजावरकडची. एका रविवारी दुपारी लोकलने आम्ही गेलो. माणसं चांगली. कॉफी दिली, बसवून घेतलं. त्यांची मराठी फार जुनी, मधे मधे तमिळ शब्द, आणि हेल तर पूर्ण तमिळ. मला निम्मं समजलं. त्यांना बायकोचं राहुरीकडचं बोलणं समजेना. घरातल्या म्हातारबाईंनी तिला तीनदा तेच विचारलं आणि शेवटी मान हलवून सोडून दिलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "मराठी माणसं भेटली, पण बोलायचं राहूनच गेलं."

त्या दिवसापासून तिने एकच धरलं. बाळंतपणाला आईकडे जायचं. पहिली खेप होती, आणि आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. मी हो म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, सोयही लागली होती. तांबरमच्या एका दवाखान्यातली पुण्याची नर्स ऑक्टोबरअखेर रजेवर घरी जाणार होती. ती बायकोला दौंडपर्यंत सोबत करायला तयार झाली. दौंडला सासरे घ्यायला येणार होते. भाडं आणि वरखर्च मिळून एकशे दहा रुपये लागत होते. मी जुलैपासून जमवत होतो. दोन महिने मी संध्याकाळचं दूध बंद ठेवलं आणि एका प्राध्यापकांचे पेपर टाइप करून दिले. ऑक्टोबरच्या त्या रविवारी माझ्याकडे एकशे बारा रुपये होते. सोमवारी सकाळी तिकीट काढायला जायचं होतं. आमच्या खोलीचं कुलूप नुसतं ओढलं तरी उघडत असे, म्हणून पैसे मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत होतो. त्या दिवशीही तसेच होते.

आता त्या रविवारी जो सण होता त्याबद्दल. आमच्या गावाकडेही कापणीचा सण होतो. ज्याचं जे पिकलं ते त्याने चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे ठेवायचं. बाजरीचं पोतं असो की दोन कणसं, कोणी कोणाचं नाव घेत नाही. मद्रासकडे आणलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. एक नारळ पन्नास रुपयांना जातो, एक कोंबडी दोनशेला. बोली म्हणजे दानच, म्हणून वस्तूच्या किमतीशी तिचा संबंध नाही. चढाओढ चालते, चेष्टा चालते, पैसेवाली माणसं मुद्दाम एकमेकांना चढवतात. हे सगळं मला वर्गात ऐकून माहीत होतं. बायकोला मी ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

प्रत्येक घराने काही तरी द्यायचं होतं. आमच्याकडे शेत नव्हतं, कोंबडी नव्हती. बायकोकडे एकच चीज होती. निघताना तिच्या आईने काळा मसाला करून दिला होता. दगडफूल, खोबरं, तीळ, लवंग, सगळं लाल होईपर्यंत तळून, उखळात कुटलेला. काचेच्या बरणीत पाऊण किलो. तोपर्यंत तिने तो फार जपून वापरला होता. ती बरणी तिने पुसली, झाकणावर पांढरा रुमाल बांधला आणि वेदीपुढे नेऊन ठेवली.

"सगळाच?" मी विचारलं.

"देवाला द्यायचं तर वाटीत काढून का द्यायचं? आन मी आता आईकडं चाललेच की. येताना नवा आणीन."

लिलाव वॉर्डनच करत. ते उंच, गोरे, देखणे गृहस्थ होते आणि त्यांच्या विनोदासाठी प्रसिद्ध होते. गावोगावच्या मंडळ्या लिलावासाठी त्यांनाच बोलावत. बोली लागली की ते बोट वर करून मोजत: ओरु तरम, रेण्डु तरम, मूणु तरम. म्हणजे एक वार, दोन वार, तीन वार. तिसऱ्याला वस्तू गेली. त्या दिवशी केळीचा घड ऐंशीला गेला, मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा साठाला. मग त्यांनी आमची बरणी उचलली. रुमाल सोडला, झाकण काढलं, वास घेतला आणि खोटं खोटं शिंकले.

तमिळमध्ये काही तरी म्हणाले. अंगण फुटल्यासारखं हसलं. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "सेठ, ही टूथ पावडर का?"

तिकडे तेव्हा काळं दंतमंजन घराघरात वापरत. त्यामुळे विनोद सगळ्यांना समजला.

"मसाला आहे, अय्या," मी उभा राहून म्हणालो. पाळकाला तिकडे अय्या म्हणतात. "आमटीत घालतात."

"आमटीत! मग दात काळे होतात की पोट?"

पुन्हा हशा. बायकांच्या रांगेत माझी बायको मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती.

"पाच रुपये कोण म्हणतो?" वॉर्डन म्हणाले. कोणी म्हणेना. "चार? तीन? अरे, बॉम्बेहून आलंय. दोन?" त्यांनी बरणी डोक्यावर धरून गोल फिरवली. "एक रुपया? आठ आणे? निदान भिंत रंगवायला?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं मूर्खपणाचं वाटेल. आम्ही आलो त्याच आठवड्यात चहाच्या वेळी आमच्या शेजारच्या खोलीतल्या सीनिअर विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "मिशनरी यायच्या आधी तुम्ही लोक कोण होतात?" तो मोठ्या घरचा होता. त्याच्याकडे मोटरसायकल होती, आणि त्याची बायको अम्मांच्या उजव्या हाताशी बसत असे. मी खरं ते सांगितलं. पणजोबा गावकुसाबाहेरचे, मेलेली ढोरं ओढणारे. तो म्हणाला, "ओके, ओके, ख्रिस्तात सगळे एकच." त्यानंतरच्या शनिवारी बायकोने त्यांच्याकडे वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. सकाळी वाटी स्वच्छ घासून परत आली. बायको पाण्याला गेली तेव्हा नळाजवळच्या कचऱ्याच्या कुंडीत चटणी पडलेली होती, ढीग तसाच, चमचाही न लागलेला. त्यांना तिखट चाललं नसेल. मी पुरावा देऊ शकत नाही. बायकोने मात्र त्यानंतर कोणाला काही पाठवलं नाही.

वॉर्डन आठ आण्यांवर आले तेव्हा मी हात वर केला आणि म्हणालो, "दहा रुपये."

स्वतःच्या घरच्या वस्तूवर स्वतः बोली लावायची पद्धत नाही, हे मला नंतर कळलं. हशा थांबला. मला तेवढंच हवं होतं.

"ओरु तरम," वॉर्डन म्हणाले.

"अकरा," मागून आवाज आला. तो शेजारचा सीनिअर.

मला बरं वाटलं. कोणी तरी मागितलं असं वाटलं. मी खाली बसत होतो, तोच वॉर्डन म्हणाले, "सेठ, बायकोच्या हातची किंमत दहाच?"

"पंधरा," मी म्हणालो.

"सोळा."

"वीस."

"एकवीस." तो प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा एकच रुपया वर जात होता, आणि बोलून झालं की शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता. चाळीसच्या आसपास मला समजलं की त्याला मसाला नको आहे. मी कुठपर्यंत जातो हे त्याला बघायचं आहे. हिशेबाच्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. पण थांबलो तर बरणी त्याच्या घरी गेली असती, आणि मला नळाजवळची कुंडी दिसत होती. बायको सकाळी पाण्याला जाणार होती.

साठच्या पुढे मंडळी टाळ्या वाजवून आकडे मोजू लागली. अम्मा तोंडाला पदर लावून हसत होत्या. वॉर्डन माझ्या प्रत्येक बोलीनंतर "रेण्डु तरम"पर्यंत येत आणि मग सीनिअरकडे बघत थांबत. केळीच्या घडाला ते असे थांबले नव्हते.

"एकशे सात," तो म्हणाला.

"एकशे आठ."

त्याने उठून दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकला. "मी हरलो. सेठ जिंकले."

वॉर्डनांनी या वेळी तिन्ही वार एका दमात मोजले.

खजिनदार टेबलाशी बसला होता, तिथे मी एकशे आठ रुपये मोजून दिले. त्याने पावती दिली. चार रुपये उरले. मग सगळ्यांनी उभं राहून उपकारस्तुतीचं गीत म्हटलं. मला ते तमिळमध्ये पाठ होतं, मीही म्हटलं.

खोलीवर आल्यावर बरणी मी कोनाड्यात ठेवली. बायको पडवीत बसून राहिली. तिथूनच म्हणाली, "तुमी हात का वर केला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी तिकीट होतं," ती म्हणाली.

 

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डनांच्या ऑफिसात गेलो आणि पुढच्या महिन्यांच्या भत्त्यातून शंभर रुपये आगाऊ मागितले. कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, खुर्ची दिली, पाणीही मागवलं.

"म्हणजे काल तुम्ही जे प्रभूला दिलंत ते आज माझ्याकडून परत मागता?"

"परत नाही, अय्या. आगाऊ. दर महिना वीस रुपये कापून घ्या."

"पैसे नव्हते तर बोली का लावली?"

"बोली चढवली गेली."

"तुमचा हात मी धरून वर केला नाही." ते हसले. "आणि इथे हॉस्पिटलं नाहीत का? आमच्या बायका इथेच बाळंत होतात. पाळकाच्या बायकोने माहेर विसरायला शिकलं पाहिजे. अम्मा तिला शिकवतील."

त्याच आठवड्यात चॅपलमध्ये ते संतोषाने देणाऱ्या माणसाबद्दल बोलले आणि उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं. म्हणाले, एक गरीब विद्यार्थी, पण त्याने हात आखडला नाही. त्यांना ते मनापासून वाटत होतं, असं मला अजूनही वाटतं.

मग मी विद्यार्थ्यांकडे मागितले. बहुतेकांकडे खरोखर नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांच्यातला एक म्हणाला, "सेठ, एकशे आठ रुपयांचा मसाला खाणारा माणूस आमच्याकडे उसने मागतो?" टेबलावरचे हसले. शेजारच्या सीनिअरकडे मी गेलो नाही. तोच पडवीत आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रदर, मनात राग नाही ना? सणाचा खेळ असतो." मी राग नाही म्हणालो. तो म्हणाला, "वहिनींना सांगा, एकदा तो मसाला घालून आम्हाला जेवायला बोलवा." बायको आत उभी होती. तिला तेवढं इंग्रजी तोपर्यंत येऊ लागलं होतं.

नर्स ठरल्या तारखेला एकटी गेली. सासऱ्यांना मी पत्र टाकलं होतं. त्यांनी पोळ्याला घेतलेलं बोकड विकून मनीऑर्डर केली. ती डिसेंबरच्या मध्यावर पोहोचली. तेव्हा सातवा संपून आठवा लागला होता, आणि डॉक्टरीण म्हणाली, आता गाडीचे हिसके नकोत. सासूबाई कधी दौंडच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. सासरे त्यांना एकटीला पाठवायला तयार नव्हते. दोघांच्या तिकिटाला आणखी एक बोकड नव्हतं.

मसाला आम्ही खाल्ला. आठवड्यातून दोनदा आमटी होई. मी एकदा हिशेब केला तर एका आमटीला तीन रुपयांच्या वर पडत होते. ते मी तिला सांगितलं नाही. अम्मांच्या क्लासला ती जात राहिली. काळे मणी काढून तिने पिवळ्या दोऱ्यात क्रूस ओवला. कोणी काढायला लावलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "न्हाई. मीच काढले. रोज कोण ऐकून घेणार?"

फेब्रुवारीत एका पहाटे कळा सुरू झाल्या. कंपाउंडची व्हॅन वॉर्डन बाहेरगावी घेऊन गेले होते. मी ऑटो आणली. हॉस्पिटल सरकारी होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव. दारापाशी दुसऱ्या बाळंतिणींच्या आया, सासवा, मावश्या डबे घेऊन बसल्या होत्या. आतून हॉस्पिटलची कामाची बाई, आया, बाहेर येई, नाव ओरडे, आणि त्या त्या घरची बाई आत जाई. आमचं नाव तिने दोनदा ओरडलं. "तुमची बाई कोण?" मी म्हणालो, कोणी नाही. ती म्हणाली, "आई नाही? बहीण नाही? मग बाहेरच बसा." कळांमध्ये बायको मराठीत ओरडत होती. दारातून ते मला ऐकू येत होतं. तिथल्या कोणाला ते समजत नव्हतं. ती पाणी मागत होती. मी आयाला तमिळमध्ये सांगितलं, तण्णी, तिला पाणी हवंय. आया म्हणाली, सगळ्याच ओरडतात. मी दाराच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न केला तेव्हा शिपायाने मला दंडाला धरून बाकावर नेऊन बसवलं.

सकाळी अकराच्या सुमारास आया कपड्यात गुंडाळलेलं मूल घेऊन बाहेर आली. चेहरा झाकलेला होता. मी हात पुढे केले तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"पोण्णु," ती म्हणाली. मुलगी.

"आई कशी आहे?"

 तिने मोकळा हात पुढे केला. मला आधी समजलं नाही. बाकावरच्या एका माणसाने समजावलं. मूल दाखवायचे पैसे. मुलगा असला तर वीस, मुलगी असली तर दहा. सगळेच देतात, वाद घालू नका, आत बाळंतीण त्यांच्याच हातात असते.

माझ्याकडे वीसची एक नोट होती. ती मी दिली. आयाने मूल एका हातावर पेललं, कमरेची पिशवी सोडली, दहाची नोट काढून मला परत दिली आणि मग "आई बरी आहे" म्हणत कपडा बाजूला केला. आयाला एकूण दहा रुपये दिले.